दोन जीव, एक कणा

चलथाण हे सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे गाव. तेथील सहकारी साखर कारखान्याचा हंगाम आला, की डांगातून, खानदेशातून ऊसतोडीचे कोयते परिसरात पडाव टाकतात. माझ्या तिथल्या वास्तव्यात अशाच एका पडावावरची बाई पाहिली. पाचवा महिना, डोक्यावर उसाची मोळी आणि रात्री झोपू न देणारी पाठ. गुजराती शेजारीण म्हणे, 'बेजीवी छे, दुखे ज ने!' मीही म्हणालो, दोन जीवांची बाई, कंबर दुखायचीच. भाषा दोन, समजूत एक. पुढे तिचे पाय लुळे पडू लागले, तेव्हा कळले की हा मणक्याचा क्षय. मूल पोटात असतानाच शस्त्रक्रिया ठरली आणि आम्ही हादरलो.

ती भीती अगदीच खुळी नव्हती. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. पाठीचे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचे नाते इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली मांडले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ साली. सरकलेली गादी मज्जातंतूंना दाबते आणि ती काढता येते, हे मिक्स्टर व बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवले. पण गर्भवतीचा कणा पाहायचा कसा? गर्भावर पडलेले क्ष-किरण आणि मुलांचा कर्करोग यांचा संबंध अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली पुढे आणला. ही अडचण सोडवली चुंबकीय चित्रणाने. माणसाच्या शरीराचे तसे पहिले चित्र १९७७ साली निघाले. दरम्यान, १९७५ साली वाराणसीच्या डॉ. तुली यांनी मणक्याच्या क्षयासाठी 'मधला मार्ग' सांगितला: आधी औषधे, सुरी गरजेपुरतीच.

आज गर्भवतीवर अशी शस्त्रक्रिया करताना पोटावर दाब येऊ देत नाहीत. दिवस भरत आले असतील तर डाव्या कुशीवर निजवतात, म्हणजे गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबत नाही. मूल पुरेसे वाढलेले असेल, तर आधी बाळंतपण उरकून मग कण्याला हात घालतात.

पुढच्या हंगामात ती बाई कडेवर मूल घेऊन आली. मूल ठणठणीत होते. तिचा एक पाय मात्र किंचित ओढत होता. तो सुरीचा दोष नव्हता, आमच्या उशिराचा होता. वाचकहो, गर्भारपणी पाठ दुखते हे खरेच. पण पाय बधिर झाले, त्यांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर 'दोन जीवांची' म्हणून थांबू नका.