मोतद्दाराचं गाणं आणि आठवीचा वर्ग

त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला, ही गोष्ट ठाण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. त्रिंबकजी हा पेशवा दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला आणि ठपका त्रिंबकजीवर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडे तगादा लावून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. किल्ल्यातल्या एका साहेबाचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, मराठी होता. तो घोडा फिरवायला न्यायचा आणि खिडकीखालून जाता-येता गाणं म्हणायचा. निरोप त्या गाण्यात असे, आणि शिपायांना मराठी येत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पळाला. तोच किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. टेंभी नाक्यावरून तिथवर चालत जाता येतं.

मी नाक्याजवळच्या शाळेत आठवीला इतिहास शिकवते. ही गोष्ट रंगवून सांगितली तर तास मजेत जातो, हे मला माहीत आहे. तरी मी ती सांगत नाही. बाकाबाकावर दोन झेरॉक्स ठेवते. एक ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातला उतारा, १८२६ सालचा. दुसरा बिशप हेबरच्या प्रवासवर्णनातला, जे त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये छापलं गेलं. दोन्ही इंग्रजी, म्हणून खाली माझं साधं मराठी भाषांतर. मग प्रश्न एवढाच: मोतद्दार गात होता हे या दोघांना कसं कळलं?

पहिली पाच मिनिटं वर्ग गप्प असतो. मुलांना उत्तर पुस्तकात शोधायची सवय, आणि इथे पुस्तकालाच विचारायचं असतं. मग हळूहळू निघतं. ग्रँट डफ गाण्याचा उल्लेख करतो, पण गाण्याचे शब्द देत नाही. हेबर शब्द देतो, तेही यमक जुळवलेल्या इंग्रजी कवितेत: झाडाआड लपलेले घोडे, आणि स्वार मात्र घोड्यांपेक्षा एकाने कमी. हेबर कलकत्त्याचा बिशप. त्याने त्रिंबकजीला पाहिलं ते १८२४ मध्ये, गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात; १८१८ मध्ये पुन्हा पकडल्यावर कंपनीने त्याला तिकडे नेऊन ठेवलं होतं. म्हणजे घटनेला आठ वर्षं उलटलेली, जागा ठाण्यापासून शेकडो कोस दूर. ज्याच्या हातात आपण सर्वांत जास्त तपशील पाहतो, तोच माणूस घटनेपासून सर्वांत लांब उभा आहे. हे मुलांना स्वतः सापडतं तेव्हा वर्गाचा आवाज बदलतो.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, पहारेकऱ्यांना मराठी कळतच नव्हतं, तर गाण्यात निरोप होता हे इंग्रजांना नंतर तरी सांगितलं कोणी?” त्या दिवशी पुढचा धडा राहिला. आम्ही फळ्यावर यादी केली. मोतद्दार स्वतः. त्रिंबकजीची माणसं, १८१८ नंतर पेशवाई बुडाल्यावर. किंवा पहाऱ्यात झालेली ढिलाई झाकायला कोणालातरी हे गाणं सोयीचं पडलं असेल. हा तिसरा मुद्दा एका मुलाने मांडला. त्याचे वडील पोलिसात आहेत.

हा प्रश्न विचारण्याची मराठी परंपरा जुनी आहे आणि ती एका विद्यार्थ्यापासून सुरू होते, हे मुलांना मी आवर्जून सांगते. ग्रँट डफचा ग्रंथ ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठीत आला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं तोच इतिहास शिकली. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने पुण्यात त्यावर टीका करणारा निबंध वाचला. पुढे तो ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आला. साहेबाने कोणती कागदपत्रं पाहिली, त्यांचा अर्थ नीट लावला का, ती आपल्याला का पाहता येऊ नयेत, असा त्याचा रोख. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघालं आणि बखरी, पत्रं, जुनी काव्यं छापली जाऊ लागली. त्याच्या संपादकांतले काशिनाथ नारायण साने हे पेशाने शिक्षक. मग इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आले. त्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. माझ्या मते साने आपल्याकडे फारच कमी आठवले जातात. राजवाड्यांची पायपीट आणि त्यांचा संताप लोकांच्या लक्षात राहिला, पण शाळेत शिकवता शिकवता बखरींची पानं शुद्ध करत बसलेला शिक्षक मला जास्त जवळचा वाटतो.

ठाण्यालाही असा माणूस लाभला होता. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये, ऐन विशीत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. जुन्या पोथ्या गोळा करत ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. त्यामुळे इथल्या मुलांना साधनं बघायला पुण्या-मुंबईला जावं लागतं असं नाही.

आता पुस्तकाबद्दल. बालभारतीच्या सातवी आणि आठवीच्या इतिहासात पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’ आहे आणि तो चांगला आहे. भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकार त्यात नीट समजावले आहेत. पण मुलं ते प्रकार पाठ करतात, संकल्पनाचित्रात भरतात, गुण मिळवतात आणि वर्षभरात एकही साधन हातात धरत नाहीत. पोहण्याचे प्रकार लिहून काढले म्हणून कोणी मासुंदा तलावात उतरत नाही. मला त्या धड्यानंतरचा आठवडा हवा असतो.

त्या आठवड्यात मी ताम्रपट काढते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र सापडलं. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात जनरल कारनॅकने पाठवलेला हा लेख रामलोचन पंडितांच्या भाषांतरासह छापला गेला. म्हणजे भारतातले कोरीव लेख जगापुढे येऊ लागले त्या पहिल्या काही लेखांत आपलं ठाणं आहे. पुढे वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एका खंडात संपादित केले, तो १९७७ चा खंड मी वर्गात आणते.

मुलं आधी राजाची बिरुदं वाचून दमतात. मग गावाचं नाव येतं: श्रीस्थानक. त्याच वाक्यात हंजमान नगरातल्या लोकांनाही उद्देशून आज्ञा आहे, आणि ते नगर म्हणजे पारश्यांचं संजाण असावं असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा, आणि दान मोडणाऱ्याला शाप. चतुःसीमांपाशी एकदा एक मुलगा म्हणाला, “आमच्या सातबाऱ्याच्या भांडणात पण असंच लिहिलंय.” हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट त्याच्या घरातल्या फायलीला जाऊन भिडला. मी काहीही समजावलं नव्हतं.

सगळ्यांत मजा तारखेची. शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकात ७८ मिळवले की इसवी सन १०१७. इथपर्यंत सगळे येतात. मग विचारते: कोरणाऱ्याने तारीख खरी लिहिली हे कशावरून? संवत्सरं साठ असतात आणि त्यांचं चक्र फिरत राहतं. घरच्या कालनिर्णयावरून किंवा पंचांगावरून चालू संवत्सराचं नाव आणायला सांगते आणि तिथून मागे मोजायला लावते. शके १८९९ पिंगल निघतं, म्हणजे १९७७-७८. तिथून साठ-साठ मागे गेलं की सोळा उड्यांत ९३९ वर पाय पडतो. पुढे मोजलं तर पुढचा पिंगल शके १९५९ ला, २०३७ साली. काहींचे वडील किंवा काका पिंगल संवत्सरात जन्मलेले निघतात. ताम्रपटाची तारीख वर्गानेच तपासलेली असते, कोणत्याही मोठ्या नावाच्या भरवशावर नाही.

रेल्वेवर मी फार थांबत नाही, ती ठाण्याच्या प्रत्येक भिंतीवर आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे. फक्त एक काम देते: पोहोचायला किती वेळ लागला ते शोधून आणा. कोणी सत्तावन्न मिनिटं आणतं, कोणी सव्वा तास. दोन्ही छापील. मग प्रत्येकाने आपला आकडा कुठून आला, त्याच्याही मागे कुठून आला, हे शोधत जायचं. बहुतेक आकडे दोन पायऱ्यांत अडकतात, आणि आकडा अडकतो कसा हे मुलांनी एकदा तरी बघायलाच हवं.

नाक्यावरचं ज्यू प्रार्थनामंदिर, शाआर हाशामाइम, १८७९ सालचं. मुलं त्यावरून रोज जातात आणि बहुतेकांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलेलं नसतं. बेने इस्राएल लोक कोकणातले. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. कंपनीच्या पलटणींत आणि पुढे सरकारी नोकऱ्यांत शिरले. घरात मराठी बोलत आणि आपल्या धर्मातल्या कथांची मराठी कीर्तनं करत. त्यांचा इतिहास त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. केहिमकरांचा एक उतारा आणि १८८२ च्या सरकारी ठाणे गॅझेटिअरमधला बेने इस्राएलांवरचा उतारा मी शेजारी-शेजारी ठेवते. गॅझेटिअर त्यांची उंची, रंग, पोशाख, खाणं सांगतं, बाहेरून बघणाऱ्यासारखं. केहिमकर सांगतात तेव्हा ‘आम्ही’ असतो. गॅझेटिअरमध्ये आपापल्या जातीवर काय लिहिलंय ते मुलं लगेच शोधू लागतात आणि काहींना ते वाचून राग येतो. तो राग मी दाबत नाही. हे कोणी लिहिलं, कोणाच्या कामासाठी लिहिलं, हा प्रश्न त्या रागातूनच नीट समजतो.

मौखिक साधनांसाठी टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी तो १९७८ मध्ये सुरू केला. आज देवीच्या आगमनाला रस्ते बंद होतात, पण पहिल्या वर्षांचं आठवणारी माणसं अजून याच गल्ल्यांत राहतात. मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीला भेटायचं. वहीच्या वर तारीख, सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय, आणि ते स्वतः तिथे होते की ऐकलेलं सांगतात, हे आधी लिहायचं. आजी-आजोबांशी आदराने बोलायचं, मध्ये तोडायचं नाही, पण “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” हे विचारायचंच. यंदा दोन वह्यांत पहिल्या मंडपाची जागा वेगवेगळी आली. दोघी आज्या ठाम आहेत, दोघी एकमेकींच्या शेजारी राहतात. वर्गाने निकाल लावलेला नाही. कोणाकडे त्या काळचं एखादं छायाचित्र, पावती किंवा निमंत्रणपत्रिका आहे का, याची विचारणा सध्या इमारतींमधून चालू आहे. दोन मुली ग्रंथसंग्रहालयात जुन्या वर्तमानपत्रांचे अंक पाहायला मिळतील का, ते शनिवारी विचारून येणार आहेत.