संघाची निवड

वाशिमच्या एखाद्या महाविद्यालयानें बास्केटबॉलचा संघ निवडावयाचा म्हटलें, कीं वाद ठरलेलाच. जागा पांच आणि उमेदवार पंधरा! उंची पाहावी कीं चपळाई, खेळ धांवता असावा कीं संथ? परंतु या प्रश्नांच्याही आधीं एक प्रश्न उभा असतो. मुंबई-पुण्याच्या क्रिकेटच्या इतिहासांत तो आम्हांस स्पष्ट दिसतो.

पाळवणकर बाळू हे डावखुरे, संथ गतीचे गोलंदाज, जातीनें चर्मकार. पुण्यास त्यांच्या गोलंदाजीवर सवर्ण गडी सामने जिंकीत. चहा मात्र त्यांस बाहेर, निराळ्या मातीच्या पेल्यांत मिळे. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, त्यांत बाळूंचा वांटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. तथापि हिंदु संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक कधींच झाली नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला, आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकिले.

गड्यास संघांत घेणें निराळें आणि त्याच्यावर विश्वास टाकणें निराळें. पहिल्या गोष्टीस गरज पुरते. दुसरीस न्यायबुद्धि लागते. म्हणून पांच नांवें लिहिण्यापूर्वीं निवड करणारांनीं एवढेंच पाहावें, कीं सहावें नांव कोणत्या कारणानें गळलें. तें कारण मैदानावरचें नसेल, तर खेळाची कोणतीही पद्धति संघास तारणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.