लोहित फाँटसमूह व मुक्त परवाने

लोहित फाँटसमूह व मुक्त परवाने : लोहित हा देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांसाठी मुक्त परवान्याखाली वितरित होणारा संगणकीय फाँटसमूह होय. सुधारलेली आवृत्ती इतरांस कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न मराठी लेखनव्यवहारात कसा उद्‌भवला, ते त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावरील मराठी मजकूर बहुधा खाजगी कंपन्यांच्या भिन्न संकेतप्रणालींत बांधलेला असे. एका फाँटातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडने (१९९१) समाईक संकेतप्रणाली दिली. तथापि तिला अनुसरणारे व कोणासही दुरुस्त करता येणारे फाँट आवश्यक होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरविलेले लोहित फाँट रेड हॅट कंपनीने २००४ च्या सुमारास जनरल पब्लिक लायसन्स (जीपीएल) या परवान्याखाली प्रसृत केले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या या परवान्यानुसार सुधारित आवृत्ती वितरित करणाऱ्यास ती त्याच परवान्याखाली, मूळ संहितेसह द्यावी लागते. स्वतःपुरता केलेला बदल जाहीर करण्याचे बंधन नाही. या अटींचा आधार स्वामित्वहक्क हाच आहे. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलींचा अंतर्भाव ‘साहित्यकृती’त झाला. जर्मनीत म्यूनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएलच्या अटी ग्राह्य मानल्या. फाँटाच्या बाबतीत मूळ संहिता म्हणजे अक्षरांचे आराखडे व जोडाक्षरांचे नियम. ‘ल’ वा ‘श’ यांचे मराठी वळण साधणाऱ्याने आपली दुरुस्त आवृत्ती वितरित केल्यास हे सर्व पुढच्यास द्यावे, असा त्याचा अर्थ.

फाँट दस्तऐवजातच अंतर्भूत केल्यास तो दस्तऐवजही जीपीएलच्या कक्षेत येईल काय, अशी शंका मात्र उरे. तिच्या निरसनार्थ परवान्यास स्वतंत्र अपवाद जोडावा लागे. सप्टेंबर २०११ मध्ये लोहितसाठी एसआयएल ओपन फाँट लायसन्स स्वीकारण्यात आले. त्यानुसार दस्तऐवज बंधनमुक्त राहतो, सुधारित फाँटास तोच परवाना लागू होतो आणि फाँट स्वतंत्रपणे विकता येत नाही. परंतु मूळ संहिता देण्याची सक्ती नाही. लेखक व प्रकाशक यांची अडचण अशा रीतीने दूर झाली. मात्र दुरुस्तीची साधने पुढच्याच्या हाती देणे हे कर्तव्य न राहता वितरकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले.