लोणार बेसाल्टचा अवरक्त वर्णपट

लोणार बेसाल्टचा अवरक्त वर्णपट हा महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार विवराच्या आघातग्रस्त खडकांच्या अभ्यासाचा विषय आहे. मंगळावरील खडकांची ओळख पटवताना या वर्णपटांचा तुलनेसाठी उपयोग होतो.

पार्श्वभूमी

सुमारे १.८ किमी व्यासाचे लोणार विवर अशनीच्या आघाताने दख्खनच्या बेसाल्टमध्ये तयार झाले. पृथ्वीवरील बहुतेक आघात विवरे इतर प्रकारच्या खडकांत आहेत. मंगळाचे कवच मात्र मुख्यत्वे बेसाल्टचे आहे. लोणारला पुष्कळदा ‘बेसाल्टमधील जगातील एकमेव विवर’ म्हटले जाते, ते अचूक नाही. ब्राझीलमध्येही अशी विवरे आहेत, परंतु त्यांची बरीच झीज झाली आहे.

फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये लोणारच्या खडकांत मास्केलिनाइट आढळल्याचे दाखवले आणि विवराच्या उत्पत्तीचा वाद जवळपास मिटला. योगायोग असा की, हा पदार्थ १८७२ मध्ये प्रथम ओळखला गेला तो बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला मानला जातो.

आघात आणि वर्णपट

बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सीन ही प्रमुख खनिजे असतात. सुसान कीफर व सहकाऱ्यांच्या १९७६ च्या वर्गीकरणानुसार, सुमारे २० ते ४० गिगापास्कल दाबाखाली प्लॅजिओक्लेजची स्फटिकरचना मोडून त्याचे मास्केलिनाइट होते. ८० गिगापास्कलच्या पुढे संपूर्ण खडक वितळतो. मास्केलिनाइटचे रासायनिक संघटन मूळ खनिजाचेच राहते, पण अणूंची मांडणी विस्कटते. त्यामुळे सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांच्या कंपनांमुळे दिसणारे वर्णपटातील बारकावे पुसट होऊन त्यांच्या जागी एकच रुंद पट्टा उरतो. पायरोक्सीन मात्र त्याच दाबाला बऱ्याच अंशी स्फटिकरूपात टिकते.

शॉन राइट, फिलिप क्रिस्टेन्सन व थॉमस शार्प यांनी २०११ मध्ये लोणारच्या नमुन्यांचे औष्णिक उत्सर्जन वर्णपट प्रसिद्ध केले. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरील वर्णपटमापक याच तरंगलांबीच्या पट्ट्यात मंगळाचे निरीक्षण करत असे. कक्षेतून मिळालेला वर्णपट ज्ञात खनिजांच्या वर्णपटांची बेरीज समजून सोडवला जातो. त्या संग्रहात आघातग्रस्त खनिजे नसतील, तर प्लॅजिओक्लेजचे प्रमाण चुकीचे ठरते आणि खडकाचे नावही बदलू शकते.

नमुन्यांची निवड

लोणारच्या खडकांवर पाण्याचा परिणाम झालेला आहे. पोकळ्यांतील कॅल्साइट आणि झिओलाइट, तसेच काचेपासून बनलेली मृद्-खनिजे वर्णपटात आपल्या खुणा मिसळतात. म्हणून विवराबाहेर फेकल्या गेलेल्या थरांतून शक्य तितके ताजे तुकडे निवडावे लागतात.