खुंट : एका शब्दाचा इतिहास

दाढी करून दोन दिवस झाले की पुरुषांच्या गालांवर जे राठ, टोचणारे केस उभे राहतात, त्यांना आपण ‘खुंट’ म्हणतो. शब्द अगदी साधा. परंतु तो आपल्या शेतात, गोठ्यात आणि घरातही नांदतो, आणि त्याच्या पोटात आपणा बायकांचा बराच इतिहास साठलेला आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी आहे. तरी शब्द काही केवळ विद्वानांच्या मालकीचे नसतात, म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले.

शब्दांवरून इतिहास शोधण्याची वाट आपल्या खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करणाऱ्या या पुरुषाने मराठी धातूंचा कोशही रचला. जुना कागद जशी साक्ष देतो, तशी जुना शब्दही देतो.

तर खुंट म्हणजे काय? कापल्यावर मागे उरलेला, किंवा मुद्दाम रोवलेला, आखूड आणि ताठ तुकडा. ज्वारी कापली की शेतात खुंट उरतात. निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाईच्या तळपायाला ते ठाऊक असतात. गोठ्यात गाय बांधतात तो खुंटा. भिंतीत ठोकतात ती खुंटी. तंबोरा सुरात लावतात त्याही खुंट्याच. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, भर बाजारपेठेत तेलीखुंट आहे. तेथे खुंट म्हणजे रस्ते एकत्र येतात तो नाका. आणि जे वाढता वाढता थांबते ते ‘खुंटले’. पाऊस लांबला की पीक खुंटते, पैसा संपला की काम खुंटते, आणि घरात धाकटी भावंडे असली की मोठ्या मुलीचे शिक्षण खुंटते. हा शेवटचा अर्थ मला कोणत्याही कोशात पाहावा लागला नाही.

या सर्वांत आपला सर्वांत जवळचा खुंटा जात्याचा. घरोघरी पिठाच्या गिरण्या पोचण्यापूर्वी पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत आणि एकच खुंटा दोघींच्या मुठीत असे. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय, दिवसा बोलत नसल्या तरी पहाटे एका खुंट्याला हात लावल्यावाचून पीठ पडत नसे. त्याच वेळी ओव्या निघत. आपल्या जळगावजवळच्या आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि ऐन तारुण्यात वैधव्यही आले होते. तरी घरातली आणि शेतातली कामे करता करता त्यांनी गाणी रचली. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शाळा मिळाली नाही म्हणून बुद्धी खुंटत नाही, याला याहून मोठा दाखला कोणता?

आता या शब्दाचा जो अर्थ आपण सहसा उच्चारीत नाही, त्याकडे वळते. माझ्या आजीच्या लहानपणी तिच्या गावातील एका वाड्यात एक सोवळ्या बाई होत्या. आजी त्यांच्याकडे दूध घालावयास जाई. नवरा गेला तेव्हा त्या बाई जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. दर पंधरवड्यास मागील दाराने न्हावी येई. मधल्या दिवसांत डोक्यावर खुंट आले की आलवणाचा पदर त्यांत अडके, नीट सरकत नसे. “पदर अडकू लागला म्हणजे न्हाव्याचा दिवस आला,” असे त्या आजीला सांगत. पुरुषाच्या गालावर खुंट आले तर तो आळस. बाईच्या डोक्यावर आले तर ते पाप! शब्द एकच, केसही तसेच राठ. पण न्याय निराळा.

विधवाविवाहाला १८५६ सालीच कायद्याने मान्यता दिली होती. तरी वस्तरा थांबला नव्हता. पुढे १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाही असे त्यांनी ठरविले. यात त्यांच्या पोटाचे नुकसान होते. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगावी. पुण्यास १८९३ साली बालविधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. हळूहळू ती चाल बंद पडली.

केस वाढले, पण बाकीचे सर्व सुटले असे म्हणता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही हा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असे परिपत्रक काढले. १८९० ते २०२२ ही एकशे बत्तीस वर्षे होतात. इतका काळ लोटल्यावरही ठराव करावा लागला, यातच सारे आले.

बागाईतदारांच्या घरच्या भगिनींना खुंटाचा आणखी एक अर्थ माहीत असेल. आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत. मोसंबीचे कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर बांधतात. खालच्या त्या रोपालाही खुंटच म्हणतात. त्याचा शेंडा छाटलेला असतो, परंतु सबंध झाड त्याच्याच मुळांवर जगते आणि फळ धरते. ज्या घरात बाप लवकर गेला आणि आईने मुले शिकविली, त्या घरात दुसरे काय घडते?

भगिनींनो, आपल्या मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाविषयी दोन मते आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. पती निवर्तलेल्या सभासद भगिनी वर्गणी देतात, सतरंज्या घालतात, तिळाच्या वड्या थापतात आणि कुंकवाची कोयरी फिरू लागली की आत स्वयंपाकघरात जातात. वडीलधाऱ्या भगिनींचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मंडळाचे जाते एकाच हाताने ओढले जात नाही. ज्या हातांनी खुंटा धरला त्या हातांना वाणही मिळावे. येत्या संक्रांतीस पहिले बोट त्यांच्या कपाळाला लागावे, एवढीच या वर्धापनदिनी माझी नम्र सूचना आहे.