निष्ठा आणि नोंदणीपत्र

स्मृतिव्याख्यानासाठी फुटबॉलसारखा विषय निवडला याचे काहींना नवल वाटेल. परंतु गोमंतकात ज्यावरून तिंठ्यातिंठ्यावर वाद झडतात, तो विषय शाळेच्या व्यासपीठाला वर्ज्य का असावा? आपला एखादा चांगला खेळाडू कोलकात्याच्या क्लबाकडे निघाल्याची वार्ता आली की येथे दोन तट पडतात. एक म्हणतो, हा मातीला विसरला. दुसरा म्हणतो, पोटाकडेही पाहायला हवे. मग कोणी वयस्कर गृहस्थ सुस्कारा टाकून सांगतात की, पूर्वीचे खेळाडू असे नव्हते, ते एका क्लबाशी जन्मभर एकनिष्ठ राहत. ही पूर्वीची निष्ठा कशाची घडली होती, हे पाहायचे तर ज्या देशात हा खेळ प्रथम व्यवसाय झाला, त्या इंग्लंडकडे वळावे लागते.

तेथे १८८५ साली व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. पुढे नियम झाला तो असा : खेळाडूची नोंदणी क्लबाच्या हाती राहील. करार संपला तरी क्लब त्याला ‘राखून’ ठेवू शके. त्याच्या संमतीवाचून खेळाडूला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जाता येत नसे, आणि त्या काळात वेतन देण्याचे बंधनही क्लबावर नसे. भरीस भर म्हणून १९०१ साली आठवड्याला चार पौंडांची कमाल वेतनमर्यादा आली. अशा व्यवस्थेत आपल्या कुळागरातील माडाइतकाच खेळाडूही स्थिर राहिला, यात आश्चर्य ते काय?

टॉम फिनी हे एकनिष्ठतेचे आदर्श उदाहरण म्हणून सांगितले जाते. प्रेस्टनचा हा मुलगा नळकामाचा कारागीर होता, आणि नामांकित झाल्यावरही त्याने तो धंदा सोडला नाही. १९५२ च्या मे महिन्यात इंग्लंडचा संघ इटलीत खेळण्यास गेला असता पालेर्मो क्लबाचे अध्यक्ष असलेल्या एका राजपुत्राने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला : करार करताच दहा हजार पौंड, दरमहा १३० पौंड, राहण्यास बंगला आणि मोटार. मायदेशी तेव्हा मोसमातील कमाल वेतन आठवड्याला १४ पौंड होते. फिनीने परतल्यावर प्रेस्टनच्या अध्यक्षांपुढे विषय काढला. त्यांनी तो तत्काळ मोडीत काढला. खेळायचे तर प्रेस्टनकडूनच. फिनी राहिला आणि मन लावून खेळला. त्याचे प्रेस्टनवर प्रेम नव्हते असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्या प्रेमाची परीक्षा घेण्याची संधी त्याला कोणी दिली नाही, एवढे नोंदवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

याच्या शेजारी जॉन चार्ल्सचे प्रकरण ठेवून पाहावे. हा वेल्सचा खेळाडू १९५७ साली लीड्स सोडून युव्हेंटसकडे गेला. त्या सौद्यात जीजी पेरोनाचे हा इटालियन मध्यस्थ होता. आजच्या एजंटांचा तो पूर्वज मानावा. आदल्या वर्षी लीड्सच्या मैदानातील प्रेक्षागृह आगीत भस्म झाले होते आणि क्लबाला पैशाची निकड होती. ६५,००० पौंड आले आणि दार उघडले. एका क्लबाने दार लावले, दुसऱ्याने उघडले. किल्ली दोन्हीकडे क्लबाच्याच खिशात होती.

ती किल्ली हिसकावण्याचे धैर्य जॉर्ज ईस्टहॅमने दाखविले. न्यूकॅसलशी त्याचे घर आणि जोडधंदा यांवरून बिनसले. १९६० साली करार संपल्यावर त्याने नवा करार नाकारला. क्लबानेही त्याला सोडण्यास नकार दिला. तेव्हा हा नामवंत खेळाडू सरे परगण्यात जाऊन बुचाच्या मालाची विक्री करू लागला! नोव्हेंबरात न्यूकॅसलने त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलकडे जाऊ दिले. वैयक्तिक प्रश्न मिटला होता, तरीही खेळाडू-संघटनेच्या पाठिंब्याने त्याने दावा चालविला, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी राखून ठेवण्याची ती पद्धत म्हणजे उपजीविकेवर अवाजवी निर्बंध होय, असा निर्णय दिला.

तरीही करार संपलेल्या खेळाडूची किंमत मागण्याची चाल उरलीच. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय संघातील खेळाडूंपुरती तीही रद्द केली. एजंटांचे महत्त्व वाढले ते यानंतर, कारण आता खेळाडूपाशी विकण्याजोगे काही होते : त्याची स्वतःची संमती.

निष्ठेचा वाद खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. जुलै २००५ मध्ये, युरोपचे अजिंक्यपद जिंकून जेमतेम सहा आठवडे झाले असता, लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड चेल्सीकडे जाणार अशी वार्ता पसरली. चेल्सीने ३ कोटी २० लाख पौंड देऊ केले होते. संतप्त चाहत्यांनी त्याच्या नावाचा सदरा जाळला. कोणी एजंटाला बोल लावला, कोणी क्लबाच्या चालढकलीला, कोणी खुद्द जेरार्डला. दुसऱ्या दिवशी जेरार्डने निर्णय फिरविला आणि तो २०१५ पर्यंत तेथेच राहिला. सदरा जाळणाऱ्यांना फिनीच्या काळात तशी वेळ आलीच नसती. त्यांचे काम क्लबाच्या अध्यक्षांनी परस्पर केले असते.

फिनीने दुखापतीमुळे १९६० च्या एप्रिलमध्ये खेळ सोडला. लीगचे वा चषकाचे विजेतेपद त्याच्या वाट्याला आले नाही. १९६१ च्या जानेवारीत कमाल वेतनाची मर्यादा उठली आणि फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. त्याच मोसमाच्या अखेरीस प्रेस्टनचा संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला.