भरतीचे कोष्टक आणि पालिकेचा अर्थसंकल्प

मुंबईच्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढायला छापील कोष्टक लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचे की झाले. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकराच्या पुढेमागे. हिशेब ढोबळ आहे, पण होडी लोटायला पुरतो. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. मुंबईत उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारी बाराच्या आगेमागे आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. पुनवेला किंवा अमावास्येला सकाळी अकरापासून धो धो पाऊस लागला, तर तो नेमका समुद्र चढलेला असताना पडतो.

मुंबई महानगरपालिका दर वर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. आपण ती वर्तमानपत्रात पाहतो आणि पान उलटतो. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी ती यादी कापून जवळ ठेवायला सांगतो. हवामानबदलाला शहराचा कारभार कसा सामोरा जातो, या अभ्यासाची सुरुवात तिथून करता येते.

हा विषय तसा तरुण आहे. त्यात स्थापत्य अभियंते आहेत, हवामानशास्त्रज्ञ आहेत, वकील, अर्थशास्त्रज्ञ आणि वस्त्यांतून फिरणारे समाजशास्त्रज्ञही आहेत. प्रत्येकाची परिभाषा वेगळी असल्यामुळे नवा माणूस दारातच बिचकतो. त्याने बिचकू नये. माझे म्हणणे थोडक्यात असे, की शहराचे हवामान धोरण समजून घ्यायचे तर संकल्पपत्राच्या आधी तीन गोष्टी वाचाव्यात: गटार, अर्थसंकल्प आणि कोणती जागा कोणाच्या ताब्यात आहे याचा नकाशा. संकल्प खरा किती, हे या तिन्हींवरून कळते.

गटारापासून सुरुवात करू. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात सुमारे 74 मिलिमीटर पडला. एकाच शहराच्या दोन टोकांना इतका फरक! ‘मुंबईत आज किती पाऊस झाला’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हे त्या दिवशी कळले. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रांचे जाळे उभारण्यामागे हा धडा आहे. दुपारी पाऊस वाढत गेला तेव्हा भरतीही आली होती. शहराच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या, आणि तोही ओहोटी असताना. समुद्र चढला की वाहिन्यांच्या तोंडातून पाणी बाहेर जाणे थांबते, आणि झडप नसेल तर ते उलटे आत येते.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. 1985च्या पावसानंतर पालिकेने सल्लागार नेमले आणि त्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993मध्ये आला. क्षमता दुप्पट करून तासाला 50 मिलिमीटरवर न्या, भरतीतही पाणी उपसून टाकणारी उदंचन केंद्रे बांधा, असे त्यात सांगितले होते. पुढची बारा वर्षे तो अहवाल बहुतांशी कपाटात राहिला. 2005च्या प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने पुन्हा सगळे तपासले आणि मगच हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी केंद्रे एकेक करून उभी राहिली. ज्ञान असणे आणि ते लेखाशीर्षात उतरणे यांत बारा वर्षे आणि शेकडो जीव गेले, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने कधी विसरू नये.

या केंद्रांत काय होते, ते आकड्यांत पाहावे. हाजी अलीसारख्या केंद्रातला एकेक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी उपसतो. ऐकायला हे प्रचंड वाटते. आता एक चौरस किलोमीटर वस्ती घ्या आणि तिच्यावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पाडा. काँक्रीटवर पाणी मुरत नाही, म्हणून सगळे वाहून आले असे धरा. सेकंदाला जवळपास 13,900 लिटर होतात. एवढ्याशा तुकड्यासाठी दोन अजस्र पंपही पुरत नाहीत. म्हणून नुसते पंप वाढवून भागत नाही, पाणी मुरायला आणि थांबायला जागा लागते. मोकळे मैदान, तळे, खाजण आणि खारफुटी या हवामान धोरणाच्या आतल्या गोष्टी ठरतात त्या या साध्या गुणाकारामुळे.

हिंदमाता परिसर याचे चांगले उदाहरण आहे. बशीसारखा खोलगट भाग, चहूबाजूंनी पाणी तिथेच उतरते. तिथल्या जुन्या गल्ल्यांत तळमजल्याच्या खोल्यांचे उंबरठे पाहावेत. विटांचे दोन-तीन थर चढवून, वर सिमेंट लिंपून ते गुडघ्यापर्यंत आणलेले असतात. पाय उचलून आत जायचे आणि आत पुन्हा खाली उतरायचे. रस्त्यावर दर खेपेला डांबराचा नवा थर चढतो, घर तितके खाली जाते आणि उंबरठा आणखी वर येतो. कपाटाच्या पायांखाली विटा असतात, फ्रिज लाकडी चौरंगावर असतो. ‘क्लायमेट रेझिलियन्स’ हा शब्द अहवालांत यायच्या कितीतरी आधी ही माणसे स्वतःच्या खर्चाने ते काम करत होती. ब्रिटानिया केंद्र झाल्यावरही तिथे पाणी भरतच राहिले, तेव्हा पालिकेने प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्या खाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथे साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. कोळीवाड्याचा पाऊणपटीचा हिशेब इथे अभियांत्रिकीत आला आहे, असे मला वाटते. ही कल्पना मला मनापासून आवडते.

आता संकल्पपत्राकडे येऊ. 13 मार्च 2022 रोजी ‘मुंबई हवामान कृती आराखडा’ प्रसिद्ध झाला. 2050पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे उद्दिष्ट, म्हणजे देशाच्या 2070च्या उद्दिष्टाआधी वीस वर्षे. 2019 हे आधारवर्ष धरून शहराचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन मोजले गेले. त्यातला जवळपास 72 टक्के भाग इमारती आणि उद्योग यांच्या ऊर्जावापराचा, 20 टक्के वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. देवनारचे क्षेपणभूमीचे डोंगर डोळ्यांत भरतात, म्हणून कचरा हाच मोठा दोषी असे वाटते. उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र त्याचा वाटा सर्वांत लहान आहे.

तो 72 टक्क्यांचा आकडा पुन्हा वाचावा. वीज कशापासून तयार होते, हे पालिकेच्या सभागृहात ठरत नाही. पालिकेचा ‘बेस्ट’ उपक्रम शहर भागात वीज पुरवतो, पण ती प्रामुख्याने विकत घेऊन. उपनगरांत खासगी कंपन्या आणि महावितरण आहेत. रेल्वे केंद्राची, बंदराची जमीन बंदर प्राधिकरणाची, मेट्रो राज्याच्या यंत्रणांची, झोपडपट्टी पुनर्वसनाला वेगळे प्राधिकरण. मिठी नदी तर एकच असून तिचा बराचसा भाग पालिकेकडे आणि खाडीजवळचा भाग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. गाळ कुठवर कोणी काढायचा, हा प्रश्न नदीला पडत नाही. 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना अधिकार देण्याची वाट मोकळी केली, पण प्रत्यक्षात किती द्यायचे हे राज्यांवर सोपवले. ज्याच्या हाती चावी नाही त्याच्याकडून दार उघडण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ज्याच्या हाती ती आहे, त्याला मात्र जाब विचारलाच पाहिजे.

इथे एक तारीख नोंदवून ठेवावीशी वाटते. आराखडा आला त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, मार्च 2022च्या सुरुवातीला, नगरसेवकांची मुदत संपली होती. त्यानंतर 2026च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे शहराच्या पहिल्या हवामान आराखड्याची पहिली जवळपास चार वर्षे निवडून आलेल्या सभागृहाविना गेली. अधिकाऱ्यांनी कामे केली, हे मान्य. पण कोणत्या वस्तीचा नाला आधी आणि कोणत्या वस्तीचा नंतर, हा प्रश्न भर सभेत विचारणारा माणूस त्या काळात नव्हता, आणि याची किंमत मोजली गेली असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाचा माग काढायला आता एक चांगले साधन मिळाले आहे. ऑस्लो शहराने रूढ केलेली ‘हवामान अर्थसंकल्पा’ची पद्धत मुंबईने स्वीकारली आणि 2024मध्ये असा पहिला अहवाल काढला. 2024-25च्या भांडवली खर्चापैकी सुमारे 10,224 कोटी रुपये, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, हवामानाशी संबंधित कामांसाठी असल्याचे त्यात दाखवले आहे. पारदर्शकतेच्या दिशेने हे मोठे पाऊल आहे. अभ्यासकाने मात्र प्रत्येक ओळीपाशी थांबावे. हे काम हवामानासाठी नव्याने हाती घेतले आहे, की एरवीही करावेच लागणाऱ्या कामाला नवे लेबल लागले आहे? तरतूद झाली, पण खर्च किती झाला? तोडीस तोड रक्कम उलट परिणाम करणाऱ्या कामांवर जाते का? कोरडी वाटणारी ही पाने संयमाने वाचली की कादंबरीइतके सांगतात.

उष्णतेबद्दल दोनच शब्द. मे 2010च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013मध्ये त्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. त्यात अवजड बांधकाम फारसे नाही. वेळेवर इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, कोणी कोणाला फोन करायचा याची यादी, हाच त्याचा गाभा. मुंबईत दमट हवेत पत्र्याच्या छपराखाली रात्रभर तळमळणाऱ्यांसाठी अशी यादी पुराच्या यादीइतकीच तातडीची आहे.

वाचनाची सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. मुंबईच्या नळांमागचे राजकारण उलगडणारे निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ (2017), आणि मुंबईला जमीन व समुद्र अशा रेषेत न पाहता खाडीमुखाचे शहर म्हणून पाहणारे अनुराधा माथुर व दिलीप दा कुन्हा यांचे ‘सोक’ (2009), ही दोन पुस्तके मी आधी हाती देतो. दोन्ही इंग्रजीत आहेत. उधाण, भांग, खाजण, गाळ, तुंबणे, नालेसफाई हे ज्या भाषेतले रोजचे शब्द आहेत, त्या भाषेत या विषयावरचे लेखन फार थोडे आहे. ते व्हायला हवे. नाल्यात उतरणाऱ्या कामगाराला काय दिसते, उदंचन केंद्रातला चालक कोणत्या खुणेवरून पंप सुरू करतो, कोळीण बाजारात पाण्याच्या बदलाबद्दल काय बोलते, हे मराठीत विचारले तरच नीट कळते.

तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी एवढे करा. आपल्या विभाग कार्यालयात जा आणि आपल्या नाल्यावर या वर्षी किती तरतूद आहे ते विचारा. भरतीची यादी खिशात ठेवा. पाणी भरेल त्या दिवशी कोपऱ्यावर उभे राहून ते कुठून आले, किती वेळ थांबले आणि कुठे गेले, हे वहीत लिहा. लिहिलेले आम्हा अभ्यासकांकडे घेऊन या. या विषयाला अशा वह्यांची गरज आहे.